चूल मोजायची की नाती?

वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरं. या वेळचा विषय: घर, कुटुंब आणि त्यांची मोजणी

प्रश्न: आमचा वाडा एकच. दोघे भाऊ. सहा वर्षांपूर्वी चुली वेगळ्या झाल्या, पण शेत अजून एकत्रच कसतो, सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत. आई एक महिना माझ्याकडे, एक महिना धाकट्याकडे जेवते. मग जनगणनेत आम्ही एकत्र कुटुंब की विभक्त?
(एक वाचक, तासगाव)

जनगणना हे विचारतच नाही. प्रगणकाच्या कागदावर 'एकत्र' किंवा 'विभक्त' असा रकाना नसतो. त्याला ठरवायचं असतं एवढंच, की नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं कोणती. कामधंद्यामुळे कुणाला बाहेर जेवावं लागत असेल, तर तो त्याच गटात राहतो. तुमच्याकडे चुली दोन, म्हणून वाडा एक असला तरी कुटुंबं दोन. सातबारा, बँकेतलं खातं, दारावरची पाटी यांपैकी काहीही त्या वेळी पाहिलं जात नाही.

आईचं काय, हा प्रश्न मात्र छान आहे. पाळीने जेवणारे आईवडील हा मोजणीतला जुनाच पेच. २०११ मध्ये प्रत्यक्ष शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी अशी चालली, मग १ ते ५ मार्च फेरतपासणी. त्या दिवसांत आई ज्याच्याकडे जेवत असेल, त्याच्या घरात तिचं नाव लागतं. म्हणजे एका भावाचं घर तीन पिढ्यांचं दिसतं आणि दुसऱ्याचं फक्त नवरा-बायको-मुलांचं. महिना बदलला की चित्र उलटं. प्रत्यक्षात वाड्यात काहीच बदललेलं नसतं.

आता सरकारी योजनांकडे वळा, गोंधळ आणखी वाढेल. पीएम-किसान योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. चूल एक असो की दोन, तुम्ही भाऊ दोन वेगळी कुटुंबंच. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कुटुंब म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने बांधलेली, नेहमी एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी किंवा एकाच शिधापत्रिकेवरची माणसं. तिथे १०० दिवसांची हमी कुटुंबामागे होती, माणसामागे नाही. त्यामुळे शिधापत्रिका वेगळी करून घेण्यात सरळ फायदा दिसतो, आणि कागदावरच्या सगळ्याच वाटण्या भांडणातून होत नाहीत. तालुक्याच्या पुरवठा शाखेतल्या विभक्त शिधापत्रिकांच्या अर्जांवरून 'कुटुंबं मोडताहेत' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

तुमच्या वाड्याचं वर्णन समाजशास्त्राला नवीन नाही. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावात नेमकं हेच पाहिलं होतं: राहणं वेगळं, जेवणं वेगळं, पण मिळकत सामाईक, अडीअडचणीला एकमेकांचे पैसे आणि लग्नकार्यातले निर्णय थोरल्याच्या विचाराने. एकत्रपणा हा एका फटक्यात 'आहे' किंवा 'नाही' असा नसतो, त्याच्या पायऱ्या असतात, असं त्यांचं म्हणणं. ए. एम. शहा यांनी पुढे १९७० च्या दशकात हे आणखी स्वच्छ केलं: एका छपराखाली, एका चुलीवर राहणारा गट वेगळा आणि नात्याने बांधलेलं कुटुंब वेगळं. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. आपल्याकडेही पहिल्या गोष्टीला अस्सल शब्द होता, बिऱ्हाड. 'वाड्यात सात बिऱ्हाडं होती' म्हणताना कुणी त्यांचं आपसातलं नातं विचारत नसे. सरकारी भाषेने बिऱ्हाड टाकलं आणि दोन्हींसाठी 'कुटुंब' घेतलं, तिथून घोळ सुरू झाला. (जुन्या पिढीत तर 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको, तो आणखी तिसरा अर्थ.) या सदरात यापुढे चुलीच्या गटाला 'घर' आणि नात्याच्या गटाला 'कुटुंब' म्हणतो.

प्रश्न: एकत्र कुटुंबपद्धती मोडली असं सगळे म्हणतात. आकडे खरोखर तसं सांगतात का?
(निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई)

आकडे जे सांगतात ते लोक समजतात त्यापेक्षा बरंच कमी आहे.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा म्हणजे घरातल्या माणसांची सरासरी. २००१ मध्ये ती ५.३ च्या आसपास होती, २०११ मध्ये ४.९ च्या आसपास. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ४.४. उतार स्पष्ट आहे. पण त्याच सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुलं होती आणि २०१९-२१ मध्ये २.०. नवरा-बायको आणि चार मुलं या घराची जागा नवरा-बायको आणि दोन मुलं या घराने घेतली, तर सरासरी दोनाने उतरते आणि कुणीही कुणापासून वेगळं निघालेलं नसतं. म्हणून घराच्या आकाराची सरासरी घेऊन एकत्रपणावर बोलू नये. बोलायचंच असेल तर मुलं वगळून दर घरातली प्रौढ माणसं मोजा, किंवा लग्न झालेली जोडपी मोजा.

ही चूकही जुनीच. १९५१ च्या जनगणनेत खेड्यांमधली सुमारे एक तृतीयांश घरं तीन किंवा त्याहून कमी माणसांची निघाली आणि लगेच 'एकत्र कुटुंब सुटत चाललंय' असा अर्थ लावला गेला. आकार आणि रचना या दोन गोष्टी आहेत, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातोय.

जोडप्यांचा आकडा २०११ च्या घरयादीत आहे. साधारण ७० टक्के घरांत एकच जोडपं, १२ टक्क्यांच्या जवळपास घरांत एकही नाही, आणि १८ टक्के घरांत दोन किंवा अधिक जोडपी. वर्तमानपत्रात हे '७० टक्के कुटुंबं विभक्त' असं छापून येतं. त्यात दोन गफलती आहेत. एक जोडपं, मुलं आणि विधवा सासू असं घरही त्या ७० टक्क्यांतच बसतं, आणि आपल्याकडे अशी घरं भरपूर. दुसरं, हा घरांचा टक्का आहे, माणसांचा नाही. समजा दहा घरं आहेत, सातांत चार-चार माणसं आणि तिनांत आठ-आठ. एकत्र घरं ३० टक्केच, पण ५२ माणसांपैकी २४ माणसं, म्हणजे ४६ टक्के, एकत्र घरात राहतात. कोणता आकडा छापायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण कोणता छापला ते तरी सांगावं.

आता मुळावर येऊ. 'मोडली' म्हणायचं तर आधी ती सगळीकडे उभी होती असं धरावं लागतं. १९४१-५१ या दशकात भारतात जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुष्य सुमारे ३२ वर्षं होतं (बालमृत्यू धरून, हे खरं), आज ते ७० च्या घरात आहे. आजोबा, आजी, तीन मुलगे, तीन सुना, नातवंडं हे चित्र उभं राहायला आजोबा-आजी जगायला हवेत. ते जगतच नसतील, तर कितीही इच्छा असली तरी तीन पिढ्यांचं घर थोड्यांनाच आणि थोड्याच वर्षांसाठी मिळणार. ए. एम. शहांनी गुजरातेतल्या राधवाणज गावची १८२५ सालची गणती तपासली, तिथेही साध्या, म्हणजे फार तर आईवडील आणि मुलं एवढ्यांच्याच, घरांची संख्या मोठी होती. खटल्याची, म्हणजे भावाभावांच्या मोठ्या एकत्र संसाराची, घरं होती, पण ती प्रामुख्याने जमीनजुमला असलेल्यांची, आणि आठवणीत तीच राहतात. ज्याच्याकडे वाटायला काहीच नव्हतं, त्याची वाटणी कुणाच्या आठवणीत राहणार?

दुसरी गोष्ट चक्राची. प्रत्येक घर काही वर्षं फुगतं, मग फुटतं, मग पुन्हा फुगतं. मेयर फोर्टिस या मानववंशशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात यावर बोट ठेवलं. म्हातारा-म्हातारी आणि तीन विवाहित मुलगे, प्रत्येकाला दोन मुलं, असं १४ माणसांचं एक घर धरा. आज मोजलं तर १०० टक्के एकत्र. पुढच्या वर्षी धाकटे दोघे वेगळे निघाले, आईवडील थोरल्याकडे राहिले, तर तीन घरं झाली: सहा माणसांचं एक, चार-चारांची दोन. आता दोन तृतीयांश घरं 'विभक्त'. पंधरा-वीस वर्षांनी याच तिन्ही घरांत सुना येतील आणि तिन्ही पुन्हा एकत्र मोजली जातील. पद्धत तीच, नियम तेच, फक्त फोटो वेगवेगळ्या दिवशी काढलेले.

मग काहीच बदललं नाही का? बदललं, आणि ते फार बोललं जात नाही. भावाभावांचं खटलं आटतंय, आईवडील आणि एक मुलगा हे घर टिकून आहे. याचं कारण बहुतांशी गणिती आहे. दोनच मुलं असलेल्या जोडप्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला मुलगा नसतो, निम्म्यांना एक असतो, चौथ्या हिश्शाला दोन. ज्या पिढीत निम्म्या मुलग्यांना एकत्र राहायला भाऊच नाही, तिथे भावांनी एकत्र राहण्याचं मूल्य जपलं काय आणि सोडलं काय, जावा-जावांचं स्वयंपाकघर दुर्मीळच होणार. आणि मुलगा नसलेल्या त्या चौथ्या हिश्शाचं म्हातारपण कुणाच्या घरात जाईल, हा खरा नवा प्रश्न आहे. मुलीच्या घरी राहणारे आईवडील आज सर्वेक्षणाच्या तक्त्यात सहज दिसत नाहीत.

प्रश्न: एम. ए. च्या प्रकल्पासाठी गावातल्या २०० घरांची पाहणी करायची आहे. 'तुमचं कुटुंब एकत्र की विभक्त?' हा प्रश्न प्रश्नावलीत पहिलाच आहे. तो पुरेसा आहे ना?
(विद्यार्थिनी, बार्शी)

तो काढून टाका. उत्तर देणाऱ्याच्या मनात व्याख्या वेगळी, तुमच्या मनात वेगळी, आणि नंतर ती दुरुस्त करायची कसलीच सोय उरत नाही. घरातला पुरुष सामाईक शेताकडे बघून 'एकत्रच आहोत' म्हणतो, त्याच घरातली सून 'आमचं दोन वर्षांपासून वेगळं' म्हणते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

त्याऐवजी घरातल्या माणसांची यादी घ्या. एका आडव्या कागदावर माणसागणिक एक ओळ आणि हे रकाने: अनुक्रमांक, प्रमुखाशी नातं, स्त्री/पुरुष, पूर्ण वर्षांत वय, वैवाहिक स्थिती, जोडीदाराचा अनुक्रमांक, वडिलांचा अनुक्रमांक, आईचा अनुक्रमांक, गेल्या बारा महिन्यांत किती महिने इथे जेवले, काल रात्री इथे होते का. जोडीदार, वडील आणि आई यांचे तीन अनुक्रमांक सगळ्यात महत्त्वाचे. वडील या घरात राहत नसतील तर तिथे ०, वारले असतील तर ९९. हे तीन आकडे नीट भरले, तर घराचा कोणताही प्रकार नंतर टेबलावर बसून काढता येतो. ते नसतील, तर 'नातू' लिहिलेला मुलगा थोरल्याचा की धाकट्याचा हे शोधायला पुन्हा गावात जावं लागतं.

नातं मराठीत आणि साखळीने लिहा. इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर केलेलं असेल तर त्यात पुतण्या आणि भाचा एकाच रकान्यात येतात. आपल्याकडे तो फरकच सगळं सांगतो: पुतण्या घरात असणं म्हणजे भावांचं एकत्र घर असण्याची शक्यता, भाचा असणं म्हणजे बहुधा शाळेसाठी किंवा कामासाठी आणून ठेवलेला. मराठीतही काही शब्द दगा देतात. 'नातू' मुलाचा की मुलीचा, 'वहिनी' सख्ख्या भावाची बायको की चुलत भावाची. म्हणून 'मुलाचा मुलगा', 'मुलीचा मुलगा', 'धाकट्या भावाची बायको' असंच लिहा. प्रमुख बाई असेल तर 'सासू', 'दीर' येतील, ते तसेच ठेवा, बदलून 'आई', 'भाऊ' करू नका.

ही यादी झाली की दुसरी, छोटी. या घरातून बाहेर पडलेले, पण हयात असलेले आईवडील, मुलंमुली, भाऊ. ते कुठे आहेत, कोणत्या वर्षी वेगळे झाले, आणि आता काय काय सामाईक आहे. यासाठी चार साधे प्रश्न बस होतात: राहणं एकत्र का, चूल एक का, जमीन-घर सामाईक का, पैसा एका हाती का. प्रत्येकाला हो/नाही, आणि 'नाही' असेल तर केव्हापासून. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाच्या व्याख्येत एक छप्पर, एक चूल, सामाईक मिळकत आणि सामाईक देवधर्म अशा खुणा धरल्या होत्या. देवधर्माचा पाचवा प्रश्न हवा तर जोडा. 'कुलाचार कुणाकडे होतो?' याला गावात सगळे पटकन आणि खरं उत्तर देतात. वर्षांचा क्रम जमला की लक्षात येईल, की आधी चूल, मग पैसा, मग शेत असं पुष्कळ ठिकाणी घडतं आणि सातबाऱ्यावरची नावं वेगळी व्हायला त्यानंतर एक अख्खी पिढी जाऊ शकते.

घरांचं वर्गीकरण घरी बसून करा आणि कुणाचं वर्गीकरण वापरलं ते लिहा. मानववंशशास्त्रज्ञ पॉलीन कोलेंडा यांचं १९६८ चं वर्गीकरण बारा प्रकारांचं आहे. त्यात एकत्र म्हणायला किमान दोन जोडपी लागतात, म्हणून विधवा आई, मुलगा, सून, नातवंडं हे घर तिथे 'जोड असलेलं विभक्त' ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नेमकं हेच घर विभक्तात बसत नाही. उलट एकटा राहणारा माणूस त्या सर्वेक्षणात विभक्तात मोडतो आणि कोलेंडांकडे त्याचा प्रकार वेगळा आहे. तुमच्या २०० घरांत विधवा आईची तीस घरं निघाली, तर व्याख्या बदलल्याने टक्का १५ ने हलेल. दोन अभ्यासांची तुलना करताना निम्मे वाद इथेच निकालात निघतात.

आता घरं निवडायची कशी. मतदार यादीतून दर विसावं नाव उचलणं सोपं, पण त्यात मोठी घरं जास्त येतात. सहा मतदारांच्या घराला दोन मतदारांच्या घरापेक्षा तिप्पट संधी मिळते. हाच मार्ग घ्यावा लागला तर प्रत्येक घराची मतदारसंख्या लिहून ठेवा आणि हिशेबात त्या घराला १ भागिले मतदारसंख्या एवढं वजन द्या. शाळेतल्या मुलांकडून फॉर्म भरून घेणं त्याहून वाईट. मूल नसलेली, मुलं मोठी झालेली, एकट्या म्हाताऱ्यांची घरं त्यात येतच नाहीत, आणि तीन मुलं शाळेत असलेलं घर तीनदा सापडू शकतं. सगळ्यात बरं म्हणजे गावात फिरून चुलींची स्वतःची यादी करणं. ५०० चुलींच्या गावाला दोघांना तीन-चार दिवस लागतात. मग त्या यादीतून ठरावीक अंतराने २०० उचला. एवढ्या नमुन्यात ५० टक्क्यांच्या आसपासचा आकडा सुमारे ७ टक्क्यांनी वरखाली होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या. 'बौद्ध वस्तीत ४२ टक्के, मराठा वस्तीत ४७ टक्के' अशा फरकावर प्रकरण लिहू नका.

आधी दहा घरांत चाचणी घ्या. तीन चुका हमखास सापडतील. वयं ४०, ४५, ५०, ६० वर गोळा होतील. त्यावर उपाय म्हणजे वय विचारण्याऐवजी १९७२ चा दुष्काळ किंवा १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांच्या आधी की नंतर, तेव्हा शाळेत होतात का, असं विचारणं. आई आणि मुलात बारा-तेरा वर्षांचंच अंतर दिसेल, म्हणजे सावत्र आई किंवा वयाची चूक, तिथल्या तिथे खात्री करा. आणि मुंबईला किंवा पुण्याला कामाला असलेला मुलगा आई कधीच यादीतून वगळणार नाही, तो चार वर्षं आलेला नसला तरी. म्हणूनच तो 'किती महिने इथे जेवले' रकाना.

प्रश्न: मुलगा पुण्यात चौघांसोबत फ्लॅटमध्ये राहतो, मुलगी वसतिगृहात. ते आमच्या घरात मोजायचे का?
(एक पालक, चाळीसगाव)

दोघंही नाहीत. मुलाचं उत्तर डब्यावर अवलंबून आहे. चौघे मिळून स्वयंपाक करत असतील, तर जनगणनेत ते एक घर, नातं असो नसो. चौघांचे डबे वेगवेगळीकडून येत असतील, तर एका फ्लॅटमध्ये एका माणसाची चार घरं. शहरातल्या 'एकट्या राहणाऱ्यां'च्या आकड्यात असे डब्यावर जेवणारेही असतात, त्यामुळे त्या आकड्यावरून एकाकीपणाचे लेख लिहिणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

मुलगी जनगणनेत 'संस्थात्मक' घरात जाते, वसतिगृह, तुरुंग, आश्रम यांच्या रांगेत. राष्ट्रीय नमुना पाहणीचा परंपरागत नियम वेगळा: वसतिगृहातली प्रत्येक मुलगी एका माणसाचं स्वतंत्र घर, पैसा एकत्र करून खर्च करत असतील तर तेवढ्याजणी मिळून एक. तुमच्याकडे जेवूनखाऊन राहणारा पेइंग गेस्ट किंवा घरगडी मात्र या पाहणीत तुमच्याच घरात धरला जातो. नुसता भाडेकरू नाही. आणि दुकानात झोपणारा, पण घरी जेवणारा मुलगा घरचाच.

प्रश्न: नवरा मुंबईला, घर मी चालवते. सर्वेक्षणवाल्याने कुटुंबप्रमुख म्हणून सासऱ्यांचं नाव लिहिलं. शिधापत्रिकेवर माझ्या सासूबाई प्रमुख आहेत. खरं प्रमुख कोण?
(एक वाचक, गुहागर)

तिघांचंही उत्तर आपापल्या कागदापुरतं बरोबर आहे. सर्वेक्षणात प्रमुख म्हणजे घरातली माणसं ज्याला प्रमुख मानतात तो. कमावतो कोण, हे तिथे विचारात नसतं. शिधापत्रिकेवर सासूबाई आहेत कारण २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १३ ने घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीलाच शिधापत्रिकेपुरती प्रमुख केलं. तो बदल कायद्याने एका दिवसात केला, घराने नव्हे. त्यामुळे शिधापत्रिकांच्या आकड्यांवरून स्त्रीप्रमुख घरं वाढली असं म्हणता येत नाही.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये सुमारे १८ टक्के घरांत स्त्री प्रमुख नोंदली गेली, त्याआधीच्या फेरीत सुमारे १५ टक्के. या १८ टक्क्यांत विधवा आहेत, परित्यक्ता आहेत, नवरा बाहेरगावी असलेल्या आहेत, आणि स्वतःच्या कमाईवर वेगळं राहणाऱ्याही. चौघींची परिस्थिती एकमेकींसारखी अजिबात नाही. तुम्ही तर यातही नाही, कारण सासरे घरात आहेत. कोकणात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा मुलींच्या भाग्याचा नाही, चाकरमान्यांच्या गैरहजेरीचा आहे.

पाहणी करणाऱ्यांनी 'प्रमुख कोण' या एका प्रश्नाच्या जागी चार विचारावेत: पहिलं नाव कुणाचं सांगता, सगळ्यात जास्त पैसा कुणाचा येतो, रोजचा खर्च कुणाच्या हातून होतो, आणि गाय विकायची किंवा कर्ज काढायचं तर शेवटचा शब्द कुणाचा. चारही उत्तरांत एकच नाव येईल अशी घरं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी निघतील. पाचवा प्रश्न वेळेचा. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७. आणि मुळात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष सुमारे २६ टक्केच होते.

प्रश्न: आम्ही तिघे भाऊ तीन शहरांत. सी.ए. म्हणतात आमचं 'हिंदू अविभक्त कुटुंब' आहे. हे कसं?
(एक वाचक, नाशिक)

कायद्याचं अविभक्त कुटुंब मिळकतीवर चालतं, चुलीवर नाही. वाटणी झाल्याचं सिद्ध होईपर्यंत कायदा एकत्र धरून चालतो, आणि वेगळं राहणं-जेवणं एवढ्यावर वाटणी सिद्ध होत नाही. यात बहिणींना विसरू नका: २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही जन्मतः सहदायाद (सामाईक मिळकतीचे वाटेकरी) केलं, महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती (त्या वेळी लग्न झालेल्या मुली वगळून), आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असणं गरजेचं नाही. समाजशास्त्राच्या अभ्यासात हा शब्द घराचा प्रकार म्हणून वापरू नये. बाकीचं तुमच्या वकिलांना विचारा.

प्रश्न: आम्ही दोघंच गावी, मुलगा-सून पुण्यात. रोज व्हिडिओ कॉल, सणाला येणं, औषधाचे पैसे तोच भरतो. लोक म्हणतात तुम्ही 'एकटे' पडलात. आम्हाला तसं वाटत नाही. कोण बरोबर?
(ज्येष्ठ दांपत्य, वाई)

लोक घर मोजताहेत, तुम्ही कुटुंब. लिओपोल्ड रोझनमायर आणि एव्हा कोकाईस यांनी १९६० च्या दशकात व्हिएन्नातल्या वृद्धांच्या अशाच राहण्याला 'अंतरावरची जवळीक' असं नाव दिलं होतं. वेगळ्या छपराखाली राहायचं, पण हाकेला धावेल एवढं जवळ.

तरी एक फरक सांभाळा. पैसा आणि बोलणं अंतरावरून जमतं, अंगमेहनतीची देखभाल जमत नाही. तुमच्यासारख्या घरांची पाहणी करताना म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारतात: महिन्याला किती पैसे येतात, आठवड्यात किती वेळा बोलणं होतं, आणि रात्री दोन वाजता पडलात तर अर्ध्या तासात दारात कोण येऊ शकतं. पहिल्या दोन्हींना 'मुलगा' हे उत्तर असतं. तिसऱ्याला बहुतेक वेळा शेजारी, पुतण्या किंवा दोन गल्ल्या पलीकडे दिलेली लेक, आणि त्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. ते नाव आणि फोन नंबर तुमच्या फोनशेजारच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा, आणि मुलाकडेही द्या.